दाताचा भाव

नातीचा पहिला दात पडला तो सफरचंद खाताना. खालचा, मधला. आठवडाभर ती तो जिभेने पुढे-मागे ढकलत होती आणि तिची आई, म्हणजे माझी लेक, "हात लावू नकोस गं" म्हणून ओरडत होती. शेवटी हात न लावताच तो फोडीत रुतून बसला. भिजलेल्या तांदळाएवढा. त्याला मूळ असं नव्हतंच. खालून नवा दात यायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळून जातं. नातीने तो धुतला, कागदाच्या रुमालात गुंडाळला आणि मला बजावलं, "आजी, आता रात्री टूथ फेअरी येणार. तू जागी राहायचं नाहीस."

मी तेव्हा एडिसनला, न्यू जर्सीत, लेकीकडे होते. उशीखाली ठेवलेला पडका दात रात्री येऊन नेणाऱ्या या परीबद्दल ऐकून होते, पण दाताच्या बदल्यात ती रोख व्यवहार करते हे तिथे कळलं.

"तुला किती मिळाले होते?" नातीने विचारलं.

मला काहीच मिळालं नव्हतं. कऱ्हाडला आमचं कौलारू घर होतं. दात पडला की माझी आजी परसात न्यायची. गोठ्यातलं ओलं शेण बोराएवढं घ्यायचं, त्यात दात खुपसायचा आणि तो गोळा कौलांवर भिरकवायचा. भिरकवताना म्हणायचं, "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा जुना दात घे, तुझा नवा दात दे." शेण कशाला, तर दात वर चिकटून राहावा म्हणून. माझ्या धाकट्या भावाने शेणाला हात लावायला साफ नकार दिला. त्याने नुसताच फेकलेला दात कौलांवरून घरंगळत पन्हळीत गेला आणि त्या जागी पुढे आला तो दात वाकडा आला. आमच्या घरात त्याचं कारण अजूनही शेण हेच धरतात.

उंदीरच का, हे मला फार उशिरा कळलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच राहतात, म्हणून तो सतत काहीतरी कुरतडत बसतो. ज्याच्याकडे मुबलक आहे त्याच्याकडेच मागायचं, एवढा व्यवहार आजीला कळत होता.

"म्हणजे उंदराने फक्त दात दिला?" नात म्हणाली. "पैसे नाही?" मग तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मग तो दात कुठे आहे?"

वरची कवळी काढून दाखवणार होते, पण लेकीने डोळे वटारले. कवळीच्या आधी जे दात काढले त्यांचे पैसे मीच मोजले होते. या वयात दातही जातो आणि पैसेही जातात.

रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात लेक-जावयाची कुजबुज चालली होती. भाव ठरत नव्हता. नातीच्या वर्गात एकाला एक डॉलर मिळाला होता आणि दुसऱ्याला वीस. जावयाने फोन काढला. तिथे डेल्टा डेंटल म्हणून दातांच्या विम्याची कंपनी आहे, ती 1998 पासून पालकांना विचारून परीचा सरासरी दर काढते. 1998 साली एका दाताला 1 डॉलर 30 सेंट होते. 2023 साली 6 डॉलर 23 सेंट झाले, 2025 साली 5 डॉलर 1 सेंटवर आले. हा दर शेअर बाजाराच्या निर्देशांकाशीही ताडून बघतात म्हणे.

"आई, मार्केट पडलंय," जावई म्हणाला.

मी तीस वर्षं बँकेत कॅशवर काढली आहेत. मी म्हटलं, "दुधाचे दात वीस. वीस डॉलरने चारशे, पाचने शंभर. आणि पहिल्या दिवशी लावलेला दर पुढे खाली आणता येत नाही, हे लक्षात ठेवा." शिवाय दाढेला जास्त आणि पुढच्या दाताला कमी, असली भानगड करू नका, म्हणून सांगितलं. सगळ्यांना एकच दर.

खरं तर मला दरापेक्षा व्यवहारच वेगळा वाटत होता. फाटकी, मळकी नोट काउंटरवर द्यायची आणि चांगली घेऊन जायची, तसं उंदीरमामाचं होतं. जुना द्या, नवा घ्या. परी मात्र दात विकत घेऊन जाते. मग नवा दात येतो तो कोणाच्या खात्यातून, हे कोणी विचारत नाही.

अर्थात सगळे उंदीर आमच्यासारखे नसतात. नातीच्या वर्गातल्या कोलंबियन मुलीकडे परी येत नाही, पेरेस नावाचा उंदीर येतो, आणि तो उशीखाली नाणं ठेवतो. हा पेरेस मूळचा स्पेनचा. तिथला आठ वर्षांचा राजा तेरावा अल्फोन्सो याचा दात पडला, तेव्हा 1894 च्या सुमाराला लुइस कोलोमा या पाद्र्याने त्याच्यासाठी या उंदराची गोष्ट लिहिली. परीचा भाव तरी कुठे पहिल्यापासून एवढा होता! 1908 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रात आयांना सल्ला दिला होता, की पाच सेंटांच्या काउंटरवरून बारीकसारीक वस्तू आणून ठेवा आणि दात पडला की उशीखाली एक एक सरकवा.

शेवटी पाच डॉलर ठरले. मग कळलं की घरात पाचची नोटच नाही. तिकडे सगळं कार्डावर. जावयाच्या पाकिटात एकच नोट होती, ती वीसची, आणि ती काढू नये म्हणून मी त्याचा हात धरला. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात दहा रुपयांचं नाणं होतं, पुण्याच्या रिक्षातलं उरलेलं. उरलेलं म्हणजे रिक्षावाल्याने घेतलंच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने हे नाणं चालतं म्हणून कितीदा सांगितलं, तरी काहीजण हात लावत नाहीत. मी स्वतः काउंटरवरून या विषयावर भाषणं दिली आहेत.

सकाळी नात नाणं मुठीत धरून आली. कडेला पिवळी चकती, मध्ये पांढरी. "आजी, ही तुमच्याकडची फेअरी होती!" मग तिने विचारलं, याचे डॉलर किती. खोटं कशाला बोलू? दहा-बारा सेंट, मी सांगितलं. ती जरा विचारात पडली. नाणं उलटसुलट करून बघितलं, जिभेने शेजारचा दात ढकलून पाहिला.

"याला पण असंच दे म्हणून सांगशील तिला?"

पर्स मी पूर्ण उलटी केली. एक पाचाचं निघालं, आणि कऱ्हाडच्या एस.टी.चं तिकीट.