२३ नंबरचा रोड आणि कोळसेवाल्याची पोरगी

आम्ही कोलंबसला राहतो, ओहायोमधल्या, आणि यूएस २३ हा रोड आमच्यासाठी म्हणजे किराणा आणि दातांचा डॉक्टर. हाच रोड खाली केंटकीत गेला की त्याचं नाव कंट्री म्युझिक हायवे होतं (कंट्री म्हणजे इकडच्या खेड्यापाड्यातून आलेली गाणी) हे मला बारा वर्षांनी कळलं. दर काउंटीत बोर्ड, आणि बोर्डावर तिथल्या गायकांची नावं. आई साताऱ्याहून आली होती, घरात बसून कंटाळली होती, म्हटलं चल लोरेटा लिनचं घर बघून येऊ. आई म्हणाली, कोण ती? म्हटलं गाडीत सांगते.

साडेतीन तास होते, त्यामुळे सगळं सांगून झालं. कंट्री गायिका, १९३२ चा जन्म, बाप कोळशाच्या खाणीत, आठ भावंडांत दुसरी. पंधराव्या वर्षी लग्न, नवऱ्यामागे पार दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यात गेली, विशीपर्यंत चार पोरं. नवऱ्याने सतरा डॉलरची गिटार आणून दिली, ती ही स्वतःची स्वतः शिकली आणि मग गाणी लिहायलाही लागली. १९६० ला पहिली रेकॉर्ड निघाली तर वाजवणार कोण? दोघं नवरा-बायको जुन्या गाडीत रेकॉर्डी टाकून एकेका रेडिओ स्टेशनला जायचे, दारात उभं राहायचं, एवढं वाजवा हो म्हणायचं, सँडविच खायचं आणि गाडीतच झोपायचं. ते गाणं कंट्रीच्या यादीत चौदाव्या नंबरला पोचलं. बाप मात्र १९५९ लाच गेला होता, त्याने यातलं काहीच ऐकलं नाही.

पेंट्सविलजवळ व्हॅन लिअरला वळलो आणि फोनची रेंज गेली ती गेलीच. व्हॅन लिअर कोळसा कंपनीने वसवलेलं गाव, तिथून पुढे बुचर हॉलो, पण हॉलो म्हणायचं नाही, तिकडचे लोक हॉलर म्हणतात. म्हणजे दोन डोंगरांमधली घळ. मी एक वळण चुकले आणि एकाच्या अंगणात जाऊन थांबले, त्याचं कुत्रं भुंकायला लागलं, आई म्हणते, अगं मागे घे, मागे घे. शेवटी वेब्जचं दुकान सापडलं (वेब हे तिचं माहेरचं आडनाव), तिथे विचारलं, थोडे पैसे दिले, कोक घेतला आणि वर गेलो. रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली असती तर मी रडलेच असते.

घर म्हणजे उतारावर लाकडी फळ्यांचं, पुढे ओसरी. आत दहा माणसं राहायची हे पटत नाही. तिच्या आईने भिंतींना मासिकांची पानं चिकटवलेली असायची, गार वारा येऊ नये म्हणून, आणि त्यातल्याच एका फोटोतल्या नटीवरून, लोरेटा यंगवरून, हिचं नाव ठेवलं. हे सांगितल्यावर आई म्हणाली, आमच्याकडे मांडणीवर पेपर अंथरायचे, मी त्यातल्या जुन्या बातम्या वाचत बसायचे आणि भांडी तशीच राहायची. मग फळीवरून हात फिरवून बघितला. मला वाटतं धूळ बघत होती.

‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणं याच घरावर आहे, १९७० चं. प्रोड्युसरने म्हणे त्यातली बरीच कडवी कापायला लावली, खूप लांब झालं होतं. मला ती कापलेली ऐकायची आहेत!

उतरल्यावर खायला काही दिसेना, मग गाडीतच धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि तिचं १९६६ चं गाणं लावलं. आईने अर्थ विचारला. म्हटलं, नवऱ्याला सांगतेय, दारू पिऊन घरी यायचं आणि वर प्रेम मागायचं, असलं चालणार नाही. आई खाता खाता थांबली.

"असं गाण्यात म्हणाली? सगळ्यांसमोर? आणि नवरा?"

"तोच तर तिचं सगळं बघायचा, प्रोग्रॅम वगैरे. प्यायचाही तोच. तो मरेपर्यंत लग्न टिकलं, १९९६ पर्यंत."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, आमची आजी जात्यावर असंच म्हणायची, पण आजोबा रानात गेले की.

खरं तर नंतरचं करिअर फार मोठं आहे, १९७२ ला कंट्री म्युझिक असोसिएशनची एंटरटेनर ऑफ द इयर होणारी ती पहिली बाई, आणि २०२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेली. पण आईला त्यात इंटरेस्ट नव्हता. तिला पुढचं गाणं हवं होतं. मग मी ‘द पिल’ लावलं, १९७५ चं, कुटुंबनियोजनाच्या गोळीवरचं. रेकॉर्ड कंपनीने ते तीन वर्षं दाबून ठेवलं होतं आणि बाहेर आल्यावर कितीतरी स्टेशनांनी वाजवायला नकार दिला. नवऱ्याला म्हणते, दरवर्षी पाळणा हलवणं आता बंद.

यावर आई हसली नाही. डबा बंद केला, रबर लावलं. पोर्ट्समथचा पूल ओलांडून ओहायोत आलो तेव्हा म्हणाली, "तुझ्या पणजीला अकरा झाली. सहा जगली."

मग जरा वेळाने, "ते दारूचं परत लाव गं."