मैदानाकडे पाठ करून

थँक्सगिव्हिंगला अमेरिकन मुलं घरी पळतात आणि स्टेडियममधल्या शिफ्ट आम्हा परदेशी विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात. सत्र चालू असताना आमच्या व्हिसावर आठवड्याला २० तास काम करता येतं, तेही कॅम्पसवरच. म्हणून २५ नोव्हेंबर २०२३ च्या शनिवारी, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या लढतीला मी बिनतिकीट हजर होतो. फक्त मैदानाकडे पाठ करून. पुढ्यात हॉट चॉकलेटची टाकी, नाचोजवर ओतायचं पिवळंजर्द चीज आणि न हटणारी रांग.

१९२७ सालचं आमच्या मिशिगनचं हे स्टेडियम बरंचसं जमिनीत खणलेलं आहे. रस्त्यावरून आत शिरलात की वरच्या काठावर उभे राहता, मैदान खाली विहिरीच्या तळाशी. क्षमता १,०७,६०१. तो शेवटचा एक फ्रिट्झ क्रायसलर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाचा. ती खुर्ची नेमकी कुठली, हे गुपित आहे. आमचा स्टॉल काठाच्या मागे. तिथून दिसतात त्या फक्त जाड जाकिटांच्या पाठी.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठांचं काय होतं ते लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे ईर्षेचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण या सामन्याच्या आठवड्यात ओहायोच्या कॅम्पसवर पाट्यांवरचं प्रत्येक ‘एम’ लाल फुली मारून खोडतात, हे ऐकल्यावर मात्र मी मनातल्या मनात मुजरा केला.

दोन्ही संघ ११ पैकी ११ सामने जिंकून आले होते. मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ मैदानावर नव्हते. प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याच्या प्रकरणात बिग टेननं, म्हणजे दोन्ही संघ ज्या साखळीत खेळतात तिनं, त्यांना साखळीतले शेवटचे तीन सामने बंदी घातली होती. त्यांच्या जागी शेरॉन मूर.

शेजारच्या काउंटरवरच्या मुलानं मोहरीच्या बाटल्यांना टेकून फोन उभा केला होता. प्रक्षेपण जवळजवळ अर्धा मिनिट मागे. त्यामुळे आमच्याकडे आधी आवाज यायचा, चित्र मागून. मध्यंतरापर्यंत (१४-१०, मिशिगन पुढे) मला आवाज ओळखता यायला लागले. आपल्यांची चाल फत्ते झाली की गर्जना पायातून चढायची. पाहुण्यांची झाली की लांबच्या एका कोपऱ्यात तेवढी किणकिण.

तिसऱ्या सत्रात १७-१७. आणि मग एकदम काहीच नाही.

मी चीज ढवळत होतो. मला वाटलं, ओहायोनं पुन्हा मारलं. पण तसं असतं तर कोपरा ओरडला असता, रांगेतल्या चार जणांनी शिव्या दिल्या असत्या. हे वेगळं होतं. टाकीतली घरघर पहिल्यांदाच ऐकू आली. एक माणूस मशीनला कार्ड लावता लावता तसाच थांबला. त्याच्यामागे ओहायोचे एक आजोबा होते. त्यांनी डोक्यावरची लाल टोपी काढून हातात धरली. काय झालंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. १,१०,६१५ माणसं (अधिकृत हजेरीचा आकडा हा, क्षमतेपेक्षाही जास्त) गप्प बसली की कान दुखतात, खोटं वाटेल पण दुखतात.

मग फोनवर दिसलं. ६५ नंबरचा झॅक झिंटर पडला होता, पाय मोडला होता. झिंटर संघाचा एक कर्णधार, गार्ड. गार्ड म्हणजे ज्याच्या हाती चेंडू सहसा येतच नाही असा गडी. धिप्पाड अंग घालायचं आणि मागून पळणाऱ्याला वाट करून द्यायची. जखमींना न्यायची गाडी आत आली, सगळा संघ भोवती गोळा झाला.

फोनवर ती गाडी अजून मैदानातच होती, तेवढ्यात काँक्रीटमधून गर्जना आली. रचून ठेवलेले कागदी पेले आडवे झाले. आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि म्हणाले, “दोन मोठी चॉकलेटं.” पुढच्याच चालीत ब्लेक कोरम २२ यार्ड पळून थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात, गेला होता आणि बोटांनी सहा-पाच करून दाखवत होता. हे आम्ही त्यांचे पेले भरून झाल्यावर पाहिलं.

शेवटी ३०-२४. मिनिटभर उरलेलं, चेंडू ओहायोकडे, एक टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये गेला, की सामना त्यांचा. रांग केव्हाच विरली होती. सुपरवायझर म्हणाली, “जा, काठावरून बघून ये.” मी ॲप्रन सोडतोय तोवर छप्पर उडेल असा आवाज झाला, आणि या वेळी तो थांबेचना.

फोनवर ओहायोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, अजून शांतपणे हाताखालच्यांना जागा दाखवत होता. पुढे काय होणार हे आम्हाला माहीत, त्याला नाही. मग त्यानं चेंडू फेकला आणि मिशिगनच्या रॉड मूरनं तो मधल्यामध्ये झेलला. सामन्याचे २५ सेकंद उरले होते. थोड्याच वेळात लोक मैदानात उतरले. आमच्या वाट्याला झाडू आला.

८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून मिशिगननं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, १५ पैकी १५. तो सामना मी खोलीत टीव्हीवर पाहिला. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातून मित्राचा फोन.

“तू त्या ओहायोच्या मॅचला हुतास न्हवं?”

“होतो की.”

“मग ते कोरमचं पळणं डोळ्यांनं बघितलंस काय मर्दा?”

“नाही. चीज ढवळत होतो.”