‘कां’ संपलं, आता ‘का’

मराठी विश्वकोश एकेका अक्षराने वाचण्याच्या छंदाची ही पुढची खबर. ‘कां’च्या नोंदी वाचून झाल्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभ्या केलेल्या या कोशात अनुस्वाराचं अक्षर आधी लागतं, म्हणून कांदा काचेच्या आधी भेटतो. नव्याने वाचायला घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर नोंदच नाही असं वाटून पुस्तक मिटलं जातं. माणसं आडनावाने शोधायची.

कांगारू, कांजिण्या, कांट, कांडला, कांदा. प्राणी, रोग, तत्त्वज्ञ, बंदर आणि भाजी एका ओळीत! विषयवार पुस्तकात ही मंडळी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाहीत.

इमॅन्युएल कांटपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. 1724 मध्ये क्योनिग्झबर्गला जन्म, 1804 मध्ये मृत्यूही तिथेच. हे शहर आज रशियात आहे, कालिनिनग्राड नावाने. आपला मुलूख सोडून तो कधी बाहेर पडला नाही, पण विद्यार्थ्यांना भूगोल मात्र वर्षानुवर्षं शिकवला. त्याच्या शेजारी कांडला यावं, हे मला फार आवडलं. फाळणीत कराची गेल्यावर पश्चिम किनाऱ्याला दुसरं बंदर हवं होतं, म्हणून कच्छमध्ये ते वाढवलं गेलं.

सुरुवातीचे खंड 1970च्या दशकातले. त्यामुळे नंतरची माहिती मी वहीत शेजारी टिपून ठेवते. कांद्याखाली बरीच भर पडली. अख्खा कांदा डोळ्यांना काही करत नाही. सुरी फिरली की पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली गंधकयुक्त द्रव्यं आणि विकरं (एन्झाइम) एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. त्यासाठी एक वेगळंच विकर लागतं, हे जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं. कांजिण्यांपुढे एकच ओळ लिहिली: बरं झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि पुढे नागीण होऊन उठतो.

आता काच, काजवा, काजू, कापूस. काजूसाठी ब्राझील ते गोवा हा पोर्तुगीजांचा मार्ग नकाशावर काढायला घेतला आहे. ‘का’ला वेळ लागणार, पसारा मोठा आहे. ‘पा’ किंवा ‘सा’ वाचणारे कुठवर पोचलेत, आणि कुठली शेजारजोडी आवडली, ते जरूर कळवा.