कोल्हापूर ते तिरुपती विमानाने: अंतर, लागणारा वेळ आणि काही सूचना

तिरुपतीला जाऊन आल्यावर अंबाबाईचे दर्शन घेतल्याखेरीज यात्रा पुरी होत नाही, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. त्यामुळे कोल्हापूरकरांना हा मार्ग नवा नाही. मात्र गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला हरिप्रिया एक्स्प्रेसचा वीस तासांहून अधिक प्रवास झेपणार नव्हता, म्हणून फेब्रुवारीत आम्ही कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानाने गेलो.

दोन्ही विमानतळांमधले सरळ रेषेतील अंतर सुमारे ६५५ किलोमीटर आहे. बंगळूरमार्गे रस्त्याने हेच अंतर साडेआठशेच्या पुढे जाते. आमचे विमान पंख्यांचे, एटीआर जातीचे होते आणि तिकिटावर १ तास ४० मिनिटे लिहिलेली होती. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या विमानाला एवढा वेळ का लागावा, असे आईने विचारले. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरण्यापूर्वीचे वळसे हे सारे तीत धरलेले असते. जेट विमान मिळाल्यास अर्धा तास वाचेल, त्याहून फारसा अधिक नाही.

खरा हिशेब घरापासून तिरुमलापर्यंतचा करावा. शहरातून उजळाईवाडी नऊ किलोमीटर, विमानतळावर दीड तास आधी हजेरी, रेणिगुंट्याला, म्हणजे तिरुपतीच्या विमानतळावर, सामानाची वाट पाहणे, तेथून तिरुपती शहर सुमारे १५ किलोमीटर आणि डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीच्या तपासणीनंतर घाट, असे सगळे मिळून आम्हाला सहा तास लागले. म्हणूनच ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन त्याच दिवसाचे न घेता दुसऱ्या दिवसाचे घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. हे तिकीट ऑनलाइन आणि बरेच आधी काढावे लागते, त्यामुळे प्रथम दर्शनाची तारीख पक्की करावी आणि मगच विमानाचे तिकीट घ्यावे. विमानसेवेचे वार आणि वेळा बदलत असतात, त्याही त्याच वेळी तपासाव्यात.

ऋतूचा विचार दोन्ही टोकांचा करावा लागतो. जून ते सप्टेंबर कोल्हापूरकडे पाऊस आणि खाली आलेले ढग असतात, तर तिरुपतीला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आपल्याकडे आभाळ निवळल्यावर, जोर धरतो. आम्हाला फेब्रुवारी दोन्हीकडे कोरडा मिळाला.

एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात आणि प्रवासी मागच्या दाराने पायऱ्या चढून आत जातात, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी मागच्या रांगेतील आसन मागून घ्यावे. व्हीलचेअर हवी असल्यास तिकीट काढतानाच तशी नोंद करावी. सकाळच्या विमानात जाताना ऊन डाव्या बाजूने येते. ओटीतले सुके खोबरे मात्र घरीच ठेवावे, कारण ते विमानात नेता येत नाही. आईला ते तपासणीच्या वेळी काढून द्यावे लागले आणि त्याची रुखरुख तिला तिरुमलापर्यंत होती.