हंगाम धनुष्याचा, पाटी अजून कोरी

आधी हिशेब. सप्टेंबरच्या मध्याला अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला, आता नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग तोंडावर आलंय, आणि आमच्या फ्रीजरमध्ये अजून गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी दिलेलं हरणाचं सॉसेजच आहे.

मी जाते ते रान मॅडिसनच्या पश्चिमेला, स्प्रिंग ग्रीनच्या आसपास, विस्कॉन्सिन नदीच्या काठचं. सरकारी जमीन आहे, परवाना असला की कोणीही जावं. हिमयुगात बर्फाच्या थराने हा भाग रगडून सपाट केला नाही, म्हणून सोंडा, घळी, अरुंद खोरी अजून शाबूत आहेत. सह्याद्रीत हिंडलेल्या पायांना हे ओळखीचं वाटतं, फक्त उंची बेताची. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर हा विषयच संपला आणि ते योग्यच झालं. इथे मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकार शिकारीवरच अवलंबून असतं. हा फरक घरच्यांना समजावताना माझा बराच दम गेला. सासूबाई जुलैपासून आमच्याकडे आहेत. मी परत आले की दारातच विचारतात, "आज तरी दिसलं का गं काही?" मी म्हणते, "दिसलं, अहो आई, पण लांबून." त्या म्हणतात, "मग लांबूनच बरं आहे ते."

गेल्या नोंदीत सामानावर लिहिलं होतं. या वेळी रिकाम्या दिवसांवर लिहिते, कारण या हंगामात माझ्याकडे तेच भरपूर आहेत.

सप्टेंबर

हे दिवस डासांचे. झाडी दाट, वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, शर्ट पाठीला चिकटलेला. या काळात हरणं कुठे आहेत ते ओकची झाडं सांगतात. पांढऱ्या ओकच्या फळात टॅनिन कमी, त्यामुळे तुरटपणा कमी, म्हणून हरणं आधी त्यावर तुटून पडतात. लाल ओकची पाळी मागाहून येते. पान बघितलं की झाड कळतं, पांढऱ्याच्या पाळ्या गोलसर, लालच्या टोकदार. दुर्बीण लावून शेंडे बघत फिरले तेव्हा एका सोंडेवर दोन पांढरे ओक लगडलेले सापडले. खाली चावून टाकलेली टरफलं, ताज्या लेंड्या, ठसे. सगळं जुळलेलं.

तिथे बसले आणि खारीच आल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगते, पाचोळ्यातली खार हरणापेक्षा जास्त आवाज करते. खार धावते, थांबते, पुन्हा धावते. हरीण दोन-तीन पावलं टाकतं आणि मग इतका वेळ गप्प राहतं की आपल्याला भास झाला असं वाटावं.

पुन्हा गेले, पुन्हा खारी. पण सकाळी अंधारात पोचलं की ठसे मात्र नवे. म्हणजे हरणं येत होती, रात्री. त्यांची दिवसा बसायची जागा लांब होती आणि ओकपर्यंत पोचेपर्यंत अंधार पडत होता. इथे नियम असा की सूर्योदयाआधी ३० मिनिटांपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंतच बाण सोडता येतो. तेव्हा ओकखाली बसण्यात अर्थ नव्हता. ती येतात कुठून ते शोधायला हवं होतं. त्या कोऱ्या सकाळींनी एवढं निश्चित सांगितलं, आणि माझ्या मते ही कमाईच आहे.

ऑक्टोबर

माग उलटा काढत खाली उतरले. सोंडेच्या उत्तर बाजूला एक घळ आहे, तिच्या तोंडाशी दोन वाटा मिळतात. पातळ झाडांच्या साली नराने शिंगं घासून सोललेल्या, एका लोंबत्या फांदीखाली माती उकरलेली. अशी जागा बघितली की त्याच संध्याकाळी जाऊन बसावंसं वाटतं.

मी गेले नाही. घळीत वारा कसा फिरतो ते आधी बघायचं होतं. इथल्या शेतांच्या कडेला मिल्कवीड उगवतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. बोंड फुटलं की तशाच म्हाताऱ्या उडतात. त्यांची डबी भरून खिशात ठेवते. एकेक सोडायची आणि नजर पोचेल तिथवर बघत राहायचं. बाजारात मिळणारी पावडर दोन हातांवर विरून जाते. म्हातारी साठ-सत्तर पावलं दिसते आणि मध्येच कुठे वळते तेही दाखवते.

फोनवरचा अंदाज वायव्येचा वारा सांगत होता. घळीत दुपारी तसंच होतं. पण सूर्य कलला, उतार सावलीत गेला, तशी हवा थंड होऊन खाली नदीकडे वाहू लागली आणि माझ्या म्हाताऱ्या सरळ त्या दोन वाटांवर जाऊन उतरल्या. संध्याकाळी तिथे बसणं म्हणजे हरणांना आपणहून बातमी देणं. सकाळी उलट: ऊन लागलं की हवा वर चढते, वास डोक्यावरून निघून जातो. म्हणजे जागा सकाळची, वारा वायव्येचाच हवा, आणि मी अंधारातच वरच्या अंगाने पोचायला हवं. इतकं सगळं जुळेल असे दिवस थोडे.

माझं ठाम मत इथे सांगते. "जितका वेळ झाडावर, तितकी संधी जास्त" हे वाक्य जो तो ऐकवतो. बंदुकीच्या हंगामात, सगळं रान माणसांनी ढवळलेलं असताना ते खरं असेल. धनुष्यात बाण वीस-पंचवीस यार्डांवरून मारायचा असतो, तिथे चुकीच्या वाऱ्यात बसलेली प्रत्येक सकाळ पुढच्या दोन खराब करते. झाडावर कुडकुडत राहायला मला फारसं जड जात नाही. जड जातं ते रविवारी सुट्टी आहे, आभाळ स्वच्छ आहे, वारा दक्षिणेचा आहे, आणि घरी बसून भाजी निवडायची आहे हे.

ऑक्टोबरच्या मध्यात हरणं हालचाल थांबवतात असं इथले जुने शिकारी मानतात. रेडिओ-कॉलर लावून केलेल्या अभ्यासांत तसं दिसत नाही. महिनाभर हालचाल हळूहळू वाढतच जाते. बदलतो तो खाण्याचा ठिकाणा. सोयाबीनची पानं पिवळी पडली, ओक पिकले, की शेतावर दिसणारी हरणं रानात शिरतात आणि शेताच्या कडेला बसलेला माणूस म्हणतो, गेली कुठे?

नोव्हेंबर

दरवर्षीप्रमाणे हिवाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि संध्याकाळचं बसणं संपलं. पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्या वेळी मी अजून ऑफिसात. राहिल्या सकाळी आणि सुट्टीचे दिवस.

पण हाच माजाचा काळ. नर दिवसाढवळ्या माद्यांच्या मागे धावतात. थंडी पडली म्हणून, पौर्णिमा आली म्हणून, अशी कारणं सांगितली जातात, पण मूळ कारण दिवसाची लांबी. गर्भाचा काळ साधारण २०० दिवसांचा असतो, म्हणजे पाडसं मे अखेर-जूनमध्ये, हिरवा चारा असताना जन्मावीत असं हे गणित बसतं. त्यामुळे तारखा फारशा हलत नाहीत.

एका सकाळी सगळं जुळलं. वायव्येचा वारा, उतारावर ऊन. झाडाला बांधलेल्या दोरांच्या सॅडलमध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात, पंधरा फुटांवर टेकून बसले होते. मादी आली, मागे वळून बघत बघत. असं बघत असली म्हणजे नर मागे आहे. ती अठरा यार्डांवर थांबली, पण बरगड्यांपुढे हेझलच्या काटक्यांचं जाळं. बोटभर काटकीनेही बाणाची दिशा बदलते. मी धनुष्य ओढलंच नाही. ती पुढे सरकली तेव्हा तोंड माझ्याकडे, छाती समोर. तो नेम मी घेत नाही. नर साठ यार्डांवरून, झुडपांच्या पलीकडून, तिचा वास धरून निघून गेला. मोठा होता. शिंगांना किती टोकं ते मोजायला वेळ मिळाला नाही आणि अंदाजे आकडा सांगायची इच्छा नाही.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मग तू केलंस काय?" काहीच नाही. पण त्या जागेबद्दलचं माझं उत्तर बरोबर होतं, हे त्या सकाळी कळलं, आणि त्यानंतर रिकामं परत यायला तितका जोर लागला नाही.

उरलेल्या सकाळी तशाच गेल्या. क्रौंच मात्र पोटभर. दक्षिणेला जायच्या आधी सँडहिल क्रेन या नदीच्या वाळूच्या बेटांवर हजारोंनी उतरतात; उजाडताना त्यांचा गलका इतका की हरणाची चाहूल लागणं अशक्य.

नदीचा हा मुलूख धनुष्याच्या बाबतीत जुना आहे. १९३४ साली अमेरिकेत पहिल्यांदा फक्त धनुष्यासाठी हरणांचा हंगाम उघडला तो विस्कॉन्सिनने, सॉक आणि कोलंबिया या दोनच काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये. निसर्गसंवर्धक लेखक आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्य बनवायचे आणि शिकारीला घेऊन जायचे. त्यांच्याकडे लाकडाचं धनुष्य, माझ्याकडे टोकांना कप्पी लावलेलं, ताण पंचेचाळीस पौंडांचा, वर यार्ड मोजायचं यंत्र. हरणांना काही फरक पडल्याचं दिसत नाही.

आणि समजा मिळालं, तरी थांबणं संपत नाही. २००२ मध्ये माउंट होरेबच्या परिसरात सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांच्या मेंदूचा रोग सापडला, आणि तेव्हापासून या भागातलं हरीण तपासून घ्यायची सवय आहे. डोकं नमुन्यासाठी ठेवायचं, अहवाल येईपर्यंत मांस गोठवून वेगळं. सासूबाईंना हे आवडलं. "म्हणजे मिळालं तरी लगेच शिजवायचं नाहीच," म्हणाल्या.

पुढचं

शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम. त्यात धनुष्यवाल्यांनाही भगवा किंवा गुलाबी भडक रंग घालावा लागतो. हरणांना तो आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे तक्रार नाही. पण माझ्या घळीत तेव्हा कोणी ना कोणी येणारच, म्हणून मी ते दिवस घरी. त्यानंतर धनुष्याचा हंगाम जानेवारीपर्यंत चालतो. हरणं तेव्हा खाण्याच्या मागे असतात, म्हणून कापलेल्या मक्याच्या शेताला लागून असलेला सरकारी पट्टा बघून ठेवलाय. तिथे उतार नाही, संध्याकाळच्या हवेची भानगड कमी.

अडचण एकच, हातमोजे. जाड घातले तर रिलीजचा, म्हणजे दोरी धरून सोडायच्या कळीचा, चाप कळत नाही, पातळ घातले तर बोटं अर्ध्या तासात बधिर. सध्या कमरेला मफ, म्हणजे हात खुपसायची उबदार नळी, आत हीट पॅक आणि पातळ लोकरी मोजे, असं चाललंय. उणे दहाच्या खाली कोणी याहून बरं काही वापरत असेल तर सांगा, डिसेंबरच्या आत मागवायचंय.