ट्रेलर घेऊन साउथ डकोटा: मॅमथ, मिसाइल आणि मक्याचा महाल

अमेरिकेतलं साउथ डकोटा म्हटलं की सगळे आधी माउंट रशमोरचं, म्हणजे डोंगरात कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांचं विचारतात. माझं मत विचाराल तर तिथे तासभर पुरे. आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर खरी मजा आजूबाजूच्या छोट्या म्युझियममध्ये आहे.

आम्ही मिनियापोलिसहून ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन निघालो. आय-90 हा हायवे सरळसोट आहे, पण माळावरचा आडवा वारा वाईट. साउथ डकोटात ताशी 80 मैलांच्या पाट्या दिसतात, त्या आपल्यासाठी नाहीत. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादा 65 असते. सामान भरताना जड वस्तू मागे टाकू नका. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या कडीवर) आला पाहिजे, नाहीतर शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर शेपूट हलवतो. आमचा तांदूळ, कुकर आणि सासूबाईंचा खलबत्ता पुढच्या बाकाखाली गेला तो त्यामुळेच.

वाटेत मिचेल गावात पाय मोकळे करायला कॉर्न पॅलेस बरा. 1892 पासूनची परंपरा आहे ही: इमारतीच्या भिंतींवर रंगीबेरंगी मक्याची कणसं ठोकून चित्रं करतात आणि ती बदलत राहतात. प्रवेश फुकट. सासूबाईंनी विचारलं, “पाखरं खात नाहीत का गं?” खातात की! अर्धा तास द्या आणि पुढे निघा.

मिनिटमन या अणुक्षेपणास्त्राचं व्हिजिटर सेंटर हायवेलाच, एक्झिट 131 ला आहे. शीतयुद्धात या राज्याच्या शेतांखाली 150 अणुक्षेपणास्त्रं होती. त्यातल्या डेल्टा-09 च्या सायलोत (क्षेपणास्त्र ठेवायच्या जमिनीतल्या विहिरीत) काचेतून वाकून बघता येतं, पैसे नाहीत. डेल्टा-01 हे जमिनीखालचं नियंत्रण केंद्र मात्र आधी तिकीट काढूनच बघता येतं. लिफ्ट छोटी, एका वेळी मोजकीच माणसं, 6 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही आणि वेळ पडली तर शिडी चढता आली पाहिजे. सासरे वरच थांबले. खाली जाडजूड पोलादी दारावर सैनिकांनी पिझ्झाचा खोका रंगवलाय आणि लिहिलंय की 30 मिनिटांत जगभर पोच, नाहीतर पुढचा फुकट. थोरली खो-खो हसली, मग हळूच विचारलं, “म्हणजे खरंच अर्ध्या तासात?” हो, खरंच.

बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये व्हिजिटर सेंटरची जीवाश्मांची प्रयोगशाळा चुकवू नका. उन्हाळ्यात तिथे दगडातून हाडं मोकळी करताना बघता येतं. वॉल ड्रग या रस्त्यावरच्या प्रसिद्ध दुकानात 5 सेंटची कॉफी प्या आणि सुटा.

आता मुख्य सल्ला. कस्टर गावाजवळच्या कॅम्पग्राउंडवर वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेली जागा घ्या, ट्रेलर तिथेच सोडा आणि रोज नुसत्या गाडीने फिरा. नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम 8 फूट रुंद आहे. तिथे ट्रेलर नेण्याचा विचारही नको.

कस्टरहून तासाभराच्या आत हॉट स्प्रिंग्स गावची मॅमथ साइट (मॅमथ म्हणजे हत्तींचे नामशेष झालेले नातलग). या सहलीतली माझी सगळ्यात आवडती जागा. 1974 मध्ये घरं बांधायला जमीन सपाट करताना हाडं सापडली. पूर्वी तिथे उमाळ्याच्या पाण्याने भरलेला खोल खड्डा होता. कडा निसरड्या, उतरलेला मॅमथ वर येऊ शकत नसे. 60 हून जास्त मॅमथ आजवर निघालेत. हाडं उचलून दुसरीकडे नेली नाहीत, त्यांच्यावरच इमारत उभी केली. त्यामुळे कवटी, सुळे, फासळ्या मातीत जशाच्या तशा दिसतात. गाईड म्हणाली, बहुतेक सगळे तरुण नर आहेत. हत्तींसारखंच, वयात आलेल्या नरांना कळपातून बाहेर काढत असणार. सासरे लगेच धाकट्याकडे बघून म्हणाले, “ऐकलंस? घरात राहावं.”

रशमोरला प्रवेशशुल्क नाही, पण पार्किंगचे पैसे पडतात आणि नॅशनल पार्कचा पास त्यावर चालत नाही. सकाळी लवकर जा, चेहऱ्यांवर ऊन छान पडतं. क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याच्या डोंगरातल्या शिल्पाचं काम 1948 पासून चालू आहे, अजून अपुरं आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तूंच्या म्युझियमला मात्र दोन तास ठेवा.

निघताना ट्रेलरचा ब्लॅक टँक (संडासाचा) आधी रिकामा करा, ग्रे टँक (सिंक-अंघोळीच्या पाण्याचा) नंतर, म्हणजे त्याच्या पाण्याने नळी धुऊन निघते. रबरी हातमोजे स्वयंपाकाच्या खणात ठेवू नका. घड्याळाचंही बघा: राज्याच्या मध्यात वेळ बदलते. डेल्टा-01 च्या तिकिटावरची वेळ माउंटन टाइमची, म्हणजे पश्चिमेकडच्या अर्ध्या राज्याची असते, आणि परतीच्या दिवशी एक तास कमी मिळतो, तेव्हा त्या रात्रीचा मुक्काम जवळचा धरा.