पाच वर्षे, तीस पॉइंट : नोंदणी नूतनीकरणाचा माझा अनुभव

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी तेवढ्या मुदतीत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘सीएमई’चे, ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. पाच वर्षांत किमान ३० तास अशा शिक्षणाला द्यावेत, ही अपेक्षा २००२च्या व्यावसायिक आचारसंहितेतही आहे. वर्षाला सरासरी सहा तास म्हणजे काहीच नाही, असे कोणालाही वाटेल. मी कोकणात तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवतो आणि माझे नूतनीकरण नुकतेच पार पडले, म्हणून हे सहा तास कसे काढावे लागतात ते लिहीत आहे.

शहरातल्या डॉक्टरला संध्याकाळची ओपीडी आटोपून जवळच्या सभागृहात जाता येते. मला मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर थेट मुंबई-पुण्याला जावे लागते, दवाखाना बंद ठेवावा लागतो आणि प्रवेशशुल्क, प्रवास व बुडालेली प्रॅक्टिस असा तिहेरी खर्च सोसावा लागतो. करोनाकाळापासून ऑनलाइन व्याख्याने वाढली, त्याने सोय झाली खरी. पण समोर ताप आलेले मूल असताना कानात इन्सुलिनची मात्रा ऐकणे याला शिक्षण म्हणवत नाही.

शिवाय विषय कोण ठरवतो, हा प्रश्न आहेच. हॉटेलातल्या कित्येक व्याख्यानांचा रोख एखाद्या नव्या, महागड्या गोळीकडे असतो, आणि ती गोळी आमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळतसुद्धा नाही. वक्ते वगळता इतर डॉक्टरांच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च औषध कंपन्यांनी करू नये, असे २०२४च्या विपणन संहितेत म्हटले आहे. ते मला योग्यच वाटते, जेवण साधे मिळाले तरी चालेल.

या सगळ्यात माझ्या खऱ्या उपयोगी पडली ती सर्पदंशावरची एक छोटी कार्यशाळा. आमच्याकडे घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत व दोघांच्याही विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्याची वीस मिनिटांची चाचणी पुस्तकात दोन ओळींत संपते, पण तिथे ती आमच्याकडून प्रत्यक्ष करून घेतली. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ, शक्यतो नव्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचे, वीस मिनिटे ती अजिबात हलवायची नाही आणि मग एकदाच तिरकी करून पाहायची. ट्यूब प्लास्टिकची असली किंवा तिच्यात धुण्याच्या साबणाचा अंश राहिला, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठलेले दिसत नाही. प्रतिविष देण्यापूर्वी त्वचेत टोचून पाहायची जुनी चाचणी आता करायची नाही आणि लहान मुलाला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यायची, कारण सापाने सोडलेले विष रुग्णाचे वजन पाहून कमी होत नाही, हेही तिथेच पक्के झाले. तेव्हापासून दवाखान्याच्या कपाटात नव्या काचेच्या ट्यूब वेगळ्या ठेवलेल्या असतात, आणि १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत चाचणी लावून तिची वेळ मी चिठ्ठीवर लिहून देतो.

अशा वेळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण होतेच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचे त्यांचे काम मोठ्या महाविद्यालयात नव्हे, कोकणातल्याच रुग्णांवर उभे राहिले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आमच्या भागाला लागणारे ज्ञान आमच्याच भागात तयार होऊ शकते, तर ते शिकवण्याचे वर्गही तालुक्याला भरायला हरकत नसावी. क्षयरोगाचेच पाहा : आठवड्यातून तीनदा द्यायच्या गोळ्या जाऊन २०१७मध्ये देशभर वजनाच्या गटानुसार रोज द्यायच्या संयुक्त गोळ्या आल्या. असा बदल गावोगावच्या खासगी डॉक्टरांपर्यंत लगेच पोहोचायला हवा.

प्रत्यक्ष अर्ज भरताना अडचण आली ती हजेरीची. एका आयोजक संस्थेने उपस्थितांची यादी पुढे पाठवलीच नव्हती, त्यामुळे माझे पॉइंट जमा झालेले दिसेनात. प्रमाणपत्र फाईलला होते, म्हणून बऱ्याच फोनाफोनीनंतर ते मार्गी लागले. आता सभागृह सोडण्यापूर्वी हजेरीपत्रकावर माझा नोंदणी क्रमांक बरोबर लिहिला आहे ना, हे मी स्वतः पाहतो. पुढच्या मुदतीतली निदान एक कार्यशाळा ग्रामीण रुग्णालयात, परिचारिकांनाही बसवून व्हावी, यासाठी आम्ही तालुक्यातल्या डॉक्टरांनी पत्र दिले आहे.